मुखापासून मोजलेली नदी

डॅन्यूब नदीच्या तीरावर ठरावीक अंतराने आकड्यांच्या पाट्या उभ्या केलेल्या आहेत, आणि त्यांवरील किलोमीटरचे आकडे उगमापासून न मोजता तिच्या मुखापासून, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या सुलिना या गावापासून, प्रवाहाच्या उलट दिशेने मोजत आणलेले आहेत, ही गोष्ट पासाउ येथे आमची नौका धक्क्यावरून सुटली त्या संध्याकाळी मला प्रथम कळली. ज्याचे सारे आयुष्य महसूल खात्यात, आधी पटवारी म्हणून आणि अखेरची काही वर्षे मंडळ अधिकारी म्हणून, शिवेच्या दगडापासून साखळी धरण्यात गेले, त्या माणसाला ही मोजणी विलक्षण वाटावी यात नवल नाही. आमच्या दप्तरात प्रत्येक गोष्टीचा आरंभ आधी निश्चित करावा लागतो. जर्मनीतील कृष्णारण्यात उगम पावून दहा देशांतून सुमारे २८५० किलोमीटर वाहणारी ही नदी मात्र किती चालून झाले हे सांगत नाही, किती उरले तेवढेच सांगते. पासाउजवळ आकडा २२२६ च्या आसपास होता, आणि जेथे आमचा नौकाप्रवास संपायचा होता त्या बुडापेस्टला तो १६४७ वर यायचा होता. मी वहीच्या समासात वजाबाकी केली. उत्तर आले ५७९, आणि मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. कारण सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावणाऱ्या आमच्या वैनगंगेची, चपराळ्याजवळ वर्धेला मिळून ती आपले नाव सोडते तेथपर्यंतची लांबीही भूगोलाच्या पुस्तकांत जवळजवळ एवढीच दिलेली असते. म्हणजे पुढच्या सात दिवसांत आम्ही दोघे एका परक्या नदीच्या पाठीवरून आमच्या अख्ख्या नदीएवढे अंतर जाणार होतो. आणि आमची नदी आम्ही जन्मभर फक्त आडवी ओलांडली होती, तिच्या लांबीच्या दिशेने एक कोसही कधी गेलो नव्हतो.

आमचे मोहाडी गाव वैनगंगेच्या ऐन काठावर नाही, पण तालुक्याच्या पूर्वेकडील शिवारे तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली आहेत. उन्हाळ्यात तिचे पात्र म्हणजे कोसभर वाळू आणि मध्ये एक क्षीण धार. त्या वाळूत ढीवर मंडळी डांगरवाड्या लावतात, आणि तिच्याच लिलावाचे, मक्त्याचे, चोरट्या उपशाचे कागद तहसिलीच्या दप्तरात थराथराने साठत जातात. पावसाळ्यात हीच नदी गावांच्या चावडीपर्यंत येते. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ती जशी आली तशी आमच्या पिढीने क्वचितच पाहिली होती, आणि मी सेवानिवृत्त असूनही नव्या पटवाऱ्यांबरोबर चिखल तुडवीत पंचनाम्यांना गेलो होतो, कारण पडलेल्या भिंतीचे मोजमाप घेणारा हात थरथरू नये एवढे तरी वयाने शिकवलेले असते. पैलतीरावर करडी-मुंढरीकडे आमची सोयरीक आहे. पूल नव्हता त्या काळी लग्नकार्याला डोंग्यात बसून जावे लागे. पत्नी मांडीवर मूल घेऊन डोंग्याच्या मध्यभागी बसे, मी काठाशी उभा राही, आणि पलीकडे उतरल्यावर ती बायकांच्या घोळक्यात व मी पुरुषांच्या बैठकीत असे आम्ही पांगत असू. नदीवर आमचे एकत्र घालवलेले एकूण आयुष्य मोजायचे तर ते असल्या दहा-दहा मिनिटांच्या ओलांडण्यांचे आहे.

आमची मुलगी रेगेन्सबुर्ग येथे अभियंता आहे. बाराव्या शतकातला दगडी पूल अजून अंगावर बाळगणाऱ्या त्या डॅन्यूबकाठच्या गावात तिने घर केले, आणि आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली तेव्हा तिने आम्हा दोघांसाठी सात दिवसांचा नौकाप्रवास आणि त्यानंतर चार दिवस व्हिएन्नातील मुक्काम असा बेत ठरवून टाकला. मे महिना, मोहाडीत नवतपा सुरू व्हायला आठवडाभर उरलेला. मला स्वतःला या बेताविषयी उत्साह कमी आणि संकोच अधिक होता. पण पासपोर्टसाठी कागद जमवायला बसलो तेव्हा जे घडले, त्यानेच या प्रवासाचा खरा आरंभ झाला असे आज मला वाटते.

पत्नीचे माहेर आंधळगावचे, कोसा विणणाऱ्या कोष्टी घराण्यातले. तिचा शाळेचा दाखला सातवीपर्यंतचा आहे, आणि त्यावर तिचे माहेरचे नाव आहे. आधारपत्रावर, शिधापत्रिकेवर, मतदार यादीत सासरचे. माहेरचे नाव एका नदीचे, सासरचे एका देवीचे. ती दोन्ही नावे मी येथे लिहीत नाही, कारण तशी तिची इच्छा आहे. आमच्याकडे लग्नात तांदळाने भरलेल्या ताटात वराने सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहायचे असते. आमच्या लग्नात चिन्नोर तांदळाचे ताट होते, त्याचा सुगंध मला अजून आठवतो, आणि त्यात मी सुवाच्य अक्षरात, नुकत्याच पटवारी झालेल्या तरुणाच्या अभिमानाने, तिचे नवे नाव लिहिले. माझ्या हातून झालेला तो पहिला फेरफार. पुढे तीस-पस्तीस वर्षांत मी हजारो फेरफार नोंदवले, प्रत्येकाची नोटीस काढली, हितसंबंधी इसमांना हरकतीची मुदत दिली. त्या पहिल्या नोंदीवर कोणाला काही हरकत आहे काय, हे विचारण्याचे मात्र मला सुचले नाही. आता कागदांतील विसंगती दूर करणे भाग होते. प्रतिज्ञापत्र करून, राजपत्रात जाहिरात देऊन सासरचे नाव पक्के करावे असे मी सुचवले, कारण तोच सरळ मार्ग होता. ती भाजी निवडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "शाळेतलंच राहू द्या जी. ते बी माझंच हाय." मग आधारपत्र बदलले, आणि चाळीस वर्षांनंतर आमच्या घरात टपालाने एक पासपोर्ट आला, ज्यावर त्या मुलीचे नाव होते जिला मी लग्नाआधी एकदाच, पाहण्याच्या कार्यक्रमात, पाहिले होते.

पासाउ हे गाव तीन नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. उत्तरेकडून इल्झ येते, ती दलदलीच्या पीटमातीतून वाहत असल्यामुळे काळसर. दक्षिणेकडून आल्प्स पर्वतातील हिमनद्यांचे पाणी घेऊन इन येते, ती दुधाळ हिरवी. आणि मधून डॅन्यूब. टेकडीवरच्या किल्ल्यातून पाहिले की तिन्ही रंग काही अंतरापर्यंत एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी चालताना दिसतात. नगरभवनाच्या भिंतीवर महापुरांच्या पातळ्या सालासह कोरलेल्या आहेत, आणि त्यांत २०१३ सालच्या जून महिन्यातली, बारा मीटर एकोणनव्वद सेंटिमीटरची खूण माझ्या उंचीच्या कितीतरी वर आहे. मी तिथे हात ठेवून उभा राहिलो. आमच्याकडे पूर ओसरल्यावर भिंतीवरचा ओलाव्याचा पट्टा पुढच्या दिवाळीच्या चुन्याखाली जातो, आणि पंचनाम्याच्या नकलेशिवाय त्याची आठवण उरत नाही. या लोकांनी तो पट्टाच दगडात कोरून ठेवला आहे, म्हणून प्रत्येक मुलाला शाळेत जाता-येता आपली नदी काय करू शकते हे ठाऊक असते. प्रत्येक नदीकाठच्या गावाच्या चावडीवर असा एक दगड असावा, हे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे, आणि त्याला फारसा खर्चही नाही.

पण पत्नीचे लक्ष पुराकडे नव्हते. मुलगी तिला समजावून सांगत होती की संगमाशी इन नदीत सरासरीने डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी असते, तिचे पात्रही रुंद दिसते, तरी पुढे नाव चालते ते डॅन्यूबचेच. "पानी तिचं जास्त, अन नाव हिचं?" पत्नीने विचारले. त्यावर मुलीने सांगितलेली गोष्ट मला माहीत नव्हती: जर्मन भाषेत इन हा पुल्लिंगी आहे आणि डॅन्यूब, म्हणजे त्यांची डोनाउ, स्त्रीलिंगी. आपल्याकडे ब्रह्मपुत्र आणि शोण या नदांना पुरुष मानतात, तसाच हा एक मोठा पुरुष पर्वतावरून येतो आणि एका स्त्रीच्या पात्रात शिरून आपले नाव कायमचे सोडतो. पत्नी हसली नाही. ती बराच वेळ त्या हिरव्या आणि करड्या पाण्याच्या सीमारेषेकडे पाहत राहिली, आणि मग एवढेच म्हणाली की आपली वैनगंगा मात्र वर्धेला भेटली की दोघींचीही नावे जातात, आणि प्राणहिता म्हणून तिसरेच नाव घेऊन त्या गोदावरीकडे जातात. भूगोल मी शिकलो होतो; पण या दृष्टीने तो माझ्या कधी मनात आला नव्हता. पुढच्या प्रवासात आणखी एक गोष्ट तिच्याच ध्यानात आली. जर्मन प्रदेशात डोनाउ, स्लोव्हाकियात दुनाय, हंगेरीत दुना, खाली सर्बियात दुनाव, रुमानियात दुनारेआ: देश बदलतो तसा उच्चार बदलतो, पण शब्द तोच राहतो, आणि कोणत्याही सीमेवर नदीला आपले नाव टाकून पुढे जावे लागत नाही.

नौकेवरील जीवनाविषयी लिहिताना मला थोडे थांबावे लागते, कारण तेथे घडले असे काहीच नाही, आणि तेच मला सांगायचे आहे. नदीवरची नौका समुद्रावरील जहाजासारखी डोलत नाही. दोन्ही काठ सतत दृष्टीत असतात. वेग असा की काठाच्या वाटेने सायकलवरून चाललेली माणसे बराच वेळ आमच्या बरोबरीने येत, हात हलवीत, आणि मग एखाद्या वळणावर मागे पडत. खोलीला एक मोठी काच, तिच्यापुढे दोन खुर्च्या. त्या दोन खुर्च्यांवर आम्ही सात दिवस बसलो. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या शेजारी, काहीही काम हातात नसताना, एवढा वेळ बसलो होतो काय, हे आठवण्याचा मी प्रयत्न केला. घरी मी ओसरीवर, ती चुलीपाशी. शेतात मी धुऱ्यावर, ती बांधीत गुडघाभर चिखलात पऱ्ह्यांची जुडी घेऊन रोवणीच्या ओळीत. बसमध्ये मी उभा, ती मुलांना घेऊन बसलेली. आमचे आयुष्य परस्परांच्या पाठीला पाठ लावून नीट चालले होते, आणि पाठीला पाठ असली म्हणजे आधार मिळतो हेही खरे. पण समोरचे दृश्य दोघांचे वेगळे असते. येथे प्रथमच दोघांच्या समोर एकच दृश्य सरकत होते.

पहिल्या रात्री भोजनगृहात वाढप्याने ताट आधी तिच्यापुढे ठेवले, आणि तिने ते सवयीने माझ्याकडे सरकवले. त्याने दुसरे ताट आणून पुन्हा तिच्यापुढे ठेवले. मग तो जरा दूर उभा राहिला, आणि मला कळले की ती मी पहिला घास घेईपर्यंत थांबली आहे व तो तिने घ्यावा म्हणून थांबला आहे. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. शेवटी तिने उकडलेल्या बटाट्याचा तुकडा उचलला, पदराखालून जवसाच्या चटणीची पुडी काढली, थोडी स्वतःच्या ताटात घेतली आणि उरलेली माझ्यापुढे केली. त्या वाढप्याने दुसऱ्या दिवसापासून तिला तिच्या पासपोर्टावरच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, कारण त्याच्या यादीत तेच होते. त्याचे उच्चार वेडेवाकडे होते, तरी प्रत्येक हाकेला ती वळून पाहत असे, आणि वळताना तिच्या चेहऱ्यावर जे येई ते मी ओळखत नव्हतो. बऱ्याच दिवसांनी मला वाटले की आंधळगावच्या मागावरून उठून दाराकडे पाहणारी ती मुलगी अशीच वळत असेल.

पासाउ ते व्हिएन्ना या मार्गात नदीवर अनेक धरणे आहेत, आणि प्रत्येक धरणाशी नौकेला लॉकमधून, म्हणजे पाण्याच्या बंदिस्त हौदातून, खाली उतरावे लागते. नौका हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, हौदातले पाणी हळूहळू सोडले जाते, दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंती वर चढत असल्यासारख्या दिसतात, आणि मग पुढचा दरवाजा उघडून खालच्या पातळीवरची नदी समोर येते. पहिल्यांदा हे रात्री झाले, योखेनस्टाइनला, आणि आम्हाला काही कळलेच नाही. दिवसा पाहिल्यावर पत्नीला त्याचे फार कौतुक वाटले; बसल्या जागी एवढे उतरलो आणि पोटातले पाणी हलले नाही, हे तिने मला चार वेळा सांगितले. मेल्कच्या खडकावरचा पिवळा प्रचंड मठ, त्यानंतर वाखाउ खोऱ्यातील उतरणीवर दगडी बांधांनी राखलेले द्राक्षांचे मळे, ड्युर्नस्टाइनचा निळा मनोरा आणि वरचा तो भग्न किल्ला, ज्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याला ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत ठेवले होते: हे सर्व सुंदर आहे, आणि चित्रांतून पाहिलेल्यांना त्याचे वर्णन नको आहे. दगडी बांध मात्र मी निरखून पाहिले. उतारावरची माती धरून ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खपलेल्या हातांची ती कामगिरी पाहून मला आमच्या झाडीपट्टीतील कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांची आठवण झाली, ज्यांना आज मामा तलाव म्हणतात आणि ज्यांच्या पाळी आता जागोजागी खचल्या आहेत.

व्हिएन्नाच्या थोडे अलीकडे, उजव्या काठावर, त्स्वेन्टेनडोर्फ येथे एक अणुवीज केंद्र उभे आहे. ते पूर्ण बांधून तयार झाले होते, आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ऑस्ट्रियाच्या जनतेचा कौल घेण्यात आला तेव्हा पन्नास टक्क्यांहून किंचित अधिक मते विरुद्ध पडली, म्हणून ते एक दिवसही चालले नाही. पुढे व्हिएन्नाच्या खाली हाइनबुर्गजवळ धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा १९८४ च्या डिसेंबरात हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या वनात जाऊन बसली. धरण झाले नाही, आणि १९९६ साली त्या वनाचे राष्ट्रीय उद्यान झाले. हे ऐकताना माझे मन आमच्या नदीकडे गेले. गोसीखुर्द धरणाची कोनशिला राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी बसली, आणि त्यानंतरच्या वर्षांत पाण्याखाली जाणाऱ्या गावांच्या घरमोजणीसाठी मीही काही महिने पवनीकडे कामावर होतो. त्या धरणाने शेतीला पाणी मिळते हे मी नाकारीत नाही. तहानलेल्या धानाकडे पाहिलेला माणूस ते नाकारू शकणार नाही. पण त्या याद्या आठवतात. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात पुरुषाचे नाव लिहिण्याचा शिरस्ता होता, आणि ज्या स्त्रीने त्या भिंती दर दिवाळीला लिंपल्या होत्या तिची नोंद 'पत्नी १' एवढीच. मी त्या याद्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या. कोणी मला तसे लिहिण्याची सक्ती केली नव्हती. दुसरे नाव लिहायला जागा होती.

बुडापेस्टला रात्री पोचलो. संसदभवन सोनेरी उजेडात पाण्यात उतरलेले, पूल दिव्यांनी आखलेले. सर्व प्रवासी वरच्या मजल्यावर जमले होते. पण त्या नगरीचे माझ्या मनात राहिलेले चित्र दुसऱ्या दिवशी सकाळचे आहे. संसदभवनापासून थोड्या अंतरावर, धक्क्याच्या अगदी कडेला, लोखंडाचे साठ जोड बूट ठेवलेले आहेत: पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे, काही उभे, काही कलंडलेले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना या काठावर आणून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि प्रेते नदीत लोटली. त्यांचे हे स्मारक २००५ साली उभारले गेले. मी पाटी वाचीत होतो. मागे वळून पाहिले तर पत्नीने स्वतःच्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि ती अनवाणी, हात जोडून, लहान मुलाच्या बुटापुढे उभी होती, जशी ती माडगीला वैनगंगेच्या पात्रातील नृसिंहाच्या खडकावर उभी राहते. मी माझेही बूट काढले. दगड थंड होता.

व्हिएन्नाला रेल्वेने परत आलो, आणि तेथील चार दिवस नौकेवरच्या सात दिवसांपेक्षा उणे ठरले हे मान्य केले पाहिजे. शहरात पाहण्यासारखे इतके होते की आमची दृष्टी पुन्हा वेगळी झाली; मला सर्व पाहून संपवायचे होते, तिला एका ठिकाणी बसायचे होते. खुद्द डॅन्यूबही जुन्या शहरापासून दूर आहे. महापुरांना कंटाळून १८७० ते १८७५ या काळात तिला सरळ, नव्या पात्रात घातले गेले, आणि पुढे १९७२ पासून सोळा वर्षे खपून तिच्या शेजारी पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी दुसरे पात्र खणले, त्या मातीचे एकवीस किलोमीटर लांबीचे बेट झाले. शहराच्या मध्यातून जातो तो केवळ तिचा एक फाटा. योहान स्ट्राउसने १८६७ साली जिला निळी म्हटले ती नदी आम्हाला कोठेही निळी दिसली नाही. पण गाणे रचणाऱ्याला तेवढा अधिकार असतो.

एक दुपार मात्र या चार दिवसांतून वेगळी काढली पाहिजे. राजवाड्याजवळच्या मोठ्या कलासंग्रहालयात पीटर ब्रॉयगल या फ्लेमिश चित्रकाराची चित्रे असलेले एक दालन आहे, आणि तेथे 'शेतकऱ्याचे लग्न' हे त्याचे सुमारे १५६७ सालचे चित्र आहे. खळ्यातली कोठी, मागे पेंढ्यांची भिंत, लांब बाकांवर बसलेली पंगत, दोन गडी बिजागरीवरून काढलेल्या दाराच्या फळीवर वाडगे मांडून आणीत आहेत, एक पोर जमिनीवर बसून बोटाने ताटली चाटते आहे, बॅगपाइप वाजवणारा भुकेल्या डोळ्यांनी वाडग्यांकडे पाहतो आहे. मी चित्रापुढे जितका वेळ घालवतो त्याच्या तिप्पट पत्नी तेथे उभी राहिली, कारण ही पंगत तिच्या ओळखीची होती. नवरी मागे हिरव्या कापडापुढे, डोक्यावर टांगलेल्या कागदी मुकुटाखाली, हात गुंफून, डोळे खाली घालून बसलेली आहे. "नवरी तर दिसली," ती म्हणाली, "पन नवरदेव कुठं हाय जी?" मी सर्व चेहरे पाहिले; मला सापडला नाही. ती म्हणाली, "वाढायला गेला असंल." मुलीने फोनवर वाचून सांगितले की या चित्रातील वर कोणता याविषयी अभ्यासकांत वाद आहे, आणि त्या प्रदेशात वराने लग्नात पाहुण्यांना वाढण्याची रीत होती, म्हणून कोणी सुरईतून पेय ओतणाऱ्याला वर मानतात, कोणी फळीवरचे वाडगे उचलून देणाऱ्याला. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रातला प्रश्न आंधळगावच्या सातवी शिकलेल्या स्त्रीने उभ्या उभ्या विचारला आणि सोडवलाही. मी तिच्याकडे पाहत होतो. आमच्या लग्नातल्या पंगतीत मी काय करीत होतो, असे तिने विचारले नाही. विचारले असते तर, मी बसलो होतो, एवढेच उत्तर होते.

नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांनी १९१५ साली आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले, त्याचे नाव त्यांनी 'आमचा जगाचा प्रवास' असे ठेवले. मी परत आल्यावर त्यातील 'आमचा' या शब्दावर पुष्कळ विचार केला. आपल्या भाषेत एकटा माणूसही मोठेपणाने 'आमचा' म्हणतो, मीही म्हणतो. आमची शेती, आमचे घर. मोहाडीपासून दीड कोसावर आमची तीन एकर धानाची जमीन आहे, वडिलांकडून माझ्या एकट्याच्या नावावर आलेली, आणि तिच्यातल्या प्रत्येक बांधीत गेली चाळीस वर्षे रोवणीला वाकलेली पाठ माझी नव्हती. १९९२ साली शासनाने लक्ष्मीमुक्तीचा निर्णय केला, ज्यायोगे पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. माझ्या साझ्यात मी तसे चार-पाच फेरफार नोंदवले, त्या शेतकऱ्यांना चांगले सल्ले दिले, एकाला तर त्याच्या भावांच्या विरोधात धीरही दिला. माझ्या घरी तो विषय निघाला नाही, कारण काढणारा मीच होतो.

मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर मी अर्ज लिहिला. साधा कागद, जुने मोडी वळणाचे माझे अक्षर, तपशिलात भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार. आणि नावाच्या जागी पत्नीचे ते नाव, जे शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टावर आहे. नव्या पटवाऱ्याने, जो माझ्या मुलाच्या वयाचा आहे, दोनदा वाचून विचारले की काकूंचे नाव तर वेगळे आहे ना. मी त्याला दोन्ही कागद दाखवले. रीतीप्रमाणे नोटीस चावडीवर लागली आणि हरकतीची पंधरा दिवसांची मुदत सुरू झाली. त्या पंधरा दिवसांत आमची रोवणी झाली. या वर्षी मी धुऱ्यावर उभा राहिलो नाही, गुडघ्यांनी साथ दिली तेवढा वेळ बांधीत तिच्या ओळीला होतो, आणि माझी ओळ वाकडी गेली ती तिने मागाहून सरळ केली. कार्तिकात माडगीच्या यात्रेला जायचे आहे, आणि ढीवरांपैकी एका ओळखीच्याने कबूल केले आहे की पाणी बेताचे असले तर तो आम्हाला डोंग्यातून नुसता पलीकडे न सोडता प्रवाहाबरोबर खाली काही अंतर नेईल. किती न्यायचे ते आम्ही ठरवलेले नाही.

मुदतीत कोणाचीही हरकत आली नाही. नोंद प्रमाणित झाली. उताऱ्याची नक्कल पत्नीने घडी करून पासपोर्टाच्या पानांत ठेवली आहे.